गाडी उचलण्यापूर्वी

दसऱ्याला आपण मोटारसायकल धुतो, पुसतो, हँडलला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि शेजाऱ्यांना पेढा देतो. एवढ्या पूजेवर गाडी वर्षभर सुखरूप चालेल अशी आपली भाबडी समजूत असते. मात्र जिच्या जोरावर गाडी पळते त्या साखळीकडे, मागच्या चाकाकडे आणि इंजिनाच्या पोटाकडे सहसा कोणी वाकून पाहत नाही. वाकून पाहायचे तर गाडी सरळ उभी राहिली पाहिजे आणि चाक जमिनीपासून दोन बोटे सुटले पाहिजे. हे कसे साधावे, हा प्रश्न हल्ली पुष्कळ घरांत पडू लागला आहे. फोनवर पाहून पाहून घरच्या घरी साखळी धुण्याची, तेल बदलण्याची हौस तरुण मंडळींना लागली आहे. हौस चांगली आहे. चार पैसे वाचतात, हाताला वळण लागते आणि आपली गाडी आपल्याला कळू लागते. परंतु दीडशे किलोचे धूड अंगावर येण्याचा धोका या हौसेच्या पाठोपाठ येतो, म्हणून यंदाचे हे दिवाळीचे पान मी गाडीच्या स्टँडसाठी राखून ठेवले आहे.

मला या विषयात ओढले ते माझ्या भाच्याने. माझी थोरली बहीण सास्तूरला दिली आहे. तिच्या मुलाचा श्रावणात एके दिवशी फोन आला.

"मामा, गाडी उचलायची लिफ्ट घ्यायची म्हणतोय. अण्णा ऐकत नाहीत. तुम्ही या आणि त्यांना जरा समजावून सांगा."

कुणाला समजावून सांगायला म्हणून बोलावणे आले की आपण आनंदाने निघतो. परतताना मात्र आपणच काहीतरी समजून घेऊन येतो, असा माझा जुना अनुभव आहे. या वेळीही तसेच झाले.

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागून नळदुर्ग ओलांडले, की पुढे उत्तरेला लोहाऱ्याकडे वळायचे. सास्तूर त्याच तालुक्यात. दोन्ही बाजूंना काळी जमीन, सोयाबीन आणि तूर, आणि जवळच तेरणा नदीवरचे माकणीचे धरण. गावात शिरल्यावर नवख्या माणसाला पहिली गोष्ट जाणवते ती रस्त्यांची. सरळ, आखीव, काटकोनात वळणारे रस्ते आपल्याकडच्या जुन्या खेड्यात सहसा दिसत नाहीत. सास्तूरला ते दिसतात, कारण हे गाव नव्याने वसवलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून माणसे नुकती कुठे निजली असताना, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे दुसऱ्या जागी हलवण्यात आली. कुटुंबाच्या जमिनीप्रमाणे २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. अक्काचे घर त्यातलेच, ४०० चौरस फुटांचे. पुढे लहानसे अंगण, अंगणाच्या एका भागात शहाबादी फरशी, बाकीची जमीन उघडी.

मी पोहोचलो तेव्हा त्या अंगणात शंभर सीसीची जुनी मोटारसायकल भिंतीला टेकून उभी होती. तिच्या क्लचची दांडी मोडलेली होती, डाव्या बाजूचा इंडिकेटर वायरला लोंबत होता आणि पेट्रोलच्या टाकीला मुठीएवढा पोचा होता. मी काही विचारण्याआधीच अक्का म्हणाली, "दादा, आधी चहा घे. ते रामायण नंतर ऐक."

रामायण थोडक्यात असे. भाच्याला साखळी धुवायची होती. गाडीचा मधला स्टँड, ज्याला आपण डबल स्टँड म्हणतो, तो त्याने वर्षापूर्वीच काढून टाकला होता. खड्ड्यातून जाताना तो खडखडत असे आणि गतिरोधकाला घासत असे. तेव्हा मागचे चाक उचलायचे कसे? त्याने इंजिनाखाली विटा रचल्या, वर एक सपाट दगड ठेवला, मित्राच्या मदतीने गाडी त्यावर चढवली आणि काम सुरू केले. त्याची बारा वर्षांची धाकटी बहीण मागच्या बाजूला बसून चाक हळूहळू फिरवून देत होती. भाच्याने फडके मागितले म्हणून ती आत गेली. ती उंबऱ्यात असतानाच विटांची चवड एका अंगाला सरकली आणि गाडी आडवी झाली. पडली ती नेमकी पोरगी बसली होती त्या जागेवर.

क्लचची दांडी कुठल्याही दुकानात मिळते. त्या जागेकडे मात्र अक्का अजून पाहत नव्हती.

आता गंमत अशी, की या एकाच प्रसंगातून बापलेकांनी दोन अगदी उलट निष्कर्ष काढले होते. मुलाचे म्हणणे, "लिफ्ट नव्हती म्हणून हे झालं. लिफ्ट असती तर गाडी घट्ट राहिली असती." बापाचे म्हणणे, "गाडी उचलायचं कामच घरात नको. लोहाऱ्याला मेस्त्री आहे, त्याच्याकडं न्यायची." दोघेही माझ्याकडे पंच म्हणून पाहू लागले. भाच्याने फोनवर एका टेबल लिफ्टचे चित्र काढून दाखवले. सात फूट लांब लोखंडी पाट, त्यावर गाडी चढवायची, पायाने पंप दाबायचा, की पाट गाडीसकट कमरेएवढा वर येतो. चित्र मोठे देखणे होते. मीही क्षणभर मोहात पडलो.

"हे ठेवणार कुठं?" अक्काने विचारले. तिच्या या एका प्रश्नाने निम्मा निकाल लागला. अंगणात ते ठेवले तर तुळशीला प्रदक्षिणा घालायला जागा उरणार नव्हती. शिवाय शंभर सीसीच्या गाडीसाठी तो पाट म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. टेबल लिफ्ट वाईट असते असे नाही. ज्या गॅरेजात दिवसाला दहा गाड्या येतात तिथे कारागिराची कंबर तीच वाचवते. मात्र तिला पक्की, सपाट जमीन लागते, पुढचे चाक आवळून धरणारी पकड लागते, आणि वर गेल्यावर तेलाच्या दाबावर विसंबून न राहता लोखंडी खुंटीने अडकवून ठेवावे लागते. वर्षातून सहा वेळा साखळी धुणाऱ्या घराने तिच्या नादी लागू नये.

दाजी एवढा वेळ गप्प होते. ते उठले आणि अंगणाच्या कडेला पडलेल्या विटा एकावर एक रचू लागले. गुडघ्याएवढी चवड झाल्यावर त्यांनी मला बोलावले आणि वरच्या विटेवर तळहात ठेवून सरळ खाली जोर दिला. चवड जागची हलली नाही. मग त्यांनी त्याच विटेला बाजूने दोन बोटांचा धक्का दिला. चवड कोसळली.

"आमची भिंत अशी होती," ते म्हणाले. "दोन हात जाड. वर मातीचं माळवद, त्याचं वजन विचारू नका. पन्नास वर्षं ते वजन भिंतीनं पेललं. आम्ही म्हणायचो, एवढी जाड भिंत, हिला काय होतंय. पर जाड असणं आणि एकमेकाला धरून असणं यात फरक आहे. आतला दगड बाहेरच्या दगडाला धरून नव्हता. बाजूनं हिसका आला, आणि दोन्ही अंगं दोन दिशांना गेली."

त्या पहाटे दाजी अठरा वर्षांचे होते. त्यांची आई त्या भिंतीखाली गेली. हे मला ठाऊक होते, पण इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून त्या भिंतीविषयी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. भाचा मान खाली घालून विटांकडे पाहत होता. बहुधा त्यानेही पहिल्यांदाच ऐकले असावे.

ते बोलले ते शास्त्राला धरून होते. भूकंपानंतर अभियंत्यांनी या भागातल्या घरांची पाहणी केली तेव्हा हाच दोष पुढे आला. मातीत बसवलेले गोलसर दगड, भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग वेगवेगळे रचलेले, मध्ये चुरा भरलेला, आणि दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड नाहीत. वरून येणारे वजन अशी भिंत पिढ्यान्‌पिढ्या सोसते. बाजूचा धक्का मात्र तिला सोसत नाही.

वाचकहो, गाडीचा स्टँड निवडण्याचे सगळे तत्त्व या दोन बोटांच्या धक्क्यात आहे. दुकानदार सांगतो, "साहेब, तीनशे किलो उचलतो." तो खोटे बोलत नाही. पण आपल्या गाडीचे वजन फार मोठे नसतेच. स्प्लेंडरसारखी रोजची गाडी सुमारे ११२ किलोची, नवी बुलेट ३५० सुमारे १९५ किलोची. तेवढे उचलणारी वस्तू मिळणे कठीण नाही. अडते ते पुढेच. गाडी वर गेल्यावर आपण तिच्यावर काम करतो म्हणजे काय करतो? घट्ट बसलेला नट पान्याने ओढतो, चाक हिसडून बाहेर काढतो, साखळी ताणतो. हे सारे धक्के बाजूचे असतात. तेव्हा उचलण्याची ताकद विचारू नका, धरून ठेवण्याची विचारा.

मग मी भाच्याला घेऊन पायरीवर बसलो आणि आम्ही एकेक साधन तपासले. शहरातल्या वाचकांनाही ते उपयोगी पडेल म्हणून इथे सांगतो.

पहिला साईड स्टँड. हा गाडी उभी करून दुकानात जाण्यापुरता. त्यावर गाडी कललेली राहते. पुष्कळ गाड्यांत इंजिनातले तेल गाडी सरळ उभी असतानाच मोजायचे असते. साईड स्टँडवर मोजलेले तेल चुकीचे दिसते, आणि मग माणूस नको तेवढे तेल ओततो. काही बहाद्दर गाडी साईड स्टँडवर आणखी कलती करून, दुसऱ्या बाजूने काठीचा टेका देऊन मागचे चाक उचलतात. त्या वेळी सगळी गाडी एका बोल्टवर आणि एका काठीवर उभी असते. हा प्रकार विटांच्या चवडीचाच भाऊ समजावा.

दुसरा मधला स्टँड. १९५५ पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटपासून ते १९७२ साली आलेल्या बजाज चेतकपर्यंत आपल्या वडिलांच्या पिढीने सगळ्या गाड्या याच स्टँडवर लावल्या. चेतक स्टँडवर चढवताना वडिलांच्या तोंडून निघालेला हुंकार ज्यांनी ऐकला नाही असे मध्यमवर्गीय घर विरळा. हा स्टँड गाडीच्या चौकटीलाच जोडलेला असतो, म्हणून तो गाडीखालून सरकून निसटत नाही. याचे दोन पाय एकमेकांपासून दूर असतात आणि तिसरा टेकू चाकाचा असतो. तीन पायांची तिवई डगमगत नाही हे आपल्या स्वयंपाकघरालाही माहीत आहे. साखळी धुणे, तिला तेल देणे, ताण पाहणे, इंजिनाचे तेल मोजणे आणि बदलणे, बहुतेक गाड्यांचे मागचे चाक काढणे, घरी होण्यासारखी ही बहुतेक कामे एवढ्यात भागतात.

तिसरा पॅडॉक स्टँड. बऱ्याच नव्या, जरा दणकट गाड्यांना मधला स्टँड येतच नाही. त्यांच्या धन्यांसाठी हा. मागचे चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसते त्या दांड्यांना दोन्ही बाजूंनी खालून धरून, लांब मूठ खाली दाबली की मागची बाजू उचलली जाते. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, त्याचा पाया गाडीच्या मागच्या चाकापेक्षा चांगला ऐसपैस रुंद असावा. दोन, रुंदी कमीजास्त करण्याचे स्क्रू घट्ट आवळल्यावर जराही खेळ राहू नये. तीन, आपल्या गाडीला त्या दांड्यांवर गोट्या बसवण्याची सोय आहे का ते पाहावे. सोय असेल तर गोटीला खालून मिठी मारणारे फाटे असलेला स्टँड घ्यावा. नसेल तर रबर लावलेल्या सपाट पकडीचा घ्यावा लागतो, आणि तो अधिक जपून वापरावा लागतो, कारण त्यावर गाडी घसरू शकते. हा स्टँड लावताना पहिले काही महिने तरी दुसऱ्या माणसाने हँडल धरावे. एकट्याने करण्याचा मोह बरा नव्हे. पुढची बाजू उचलणारा वेगळा स्टँड मिळतो. मात्र मागची बाजू आधी पक्की केल्याशिवाय पुढची उचलू नये.

चौथा मोटारीतला कात्रीसारखा उघडणारा जॅक. तो बहुतेक घरात असतोच, म्हणून सांगणे भाग आहे. जॅक ही उचलण्याची वस्तू आहे, धरून ठेवण्याची नव्हे. त्याचे डोके तळहाताहून लहान असते. त्यावर गाडी तोलून ठेवणे म्हणजे बोटावर थाळी फिरवण्यासारखे आहे. मधल्या स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीला पुढून थोडा टेकू देण्यासाठी तो वापरता येतो. तोही लाकडी ठोकळा मध्ये घालून, आणि इंजिनाखालून जाणाऱ्या चौकटीच्या नळीलाच. तेलाच्या बोल्टखाली किंवा सायलेन्सरखाली तो कधीही लावू नये. कित्येक गाड्यांना इंजिनाखालून अशी नळीच नसते. अशा गाडीचे पुढचे चाक काढायचे असेल तर सरळ मेस्त्रीकडे जावे. त्यात काही कमीपणा नाही.

एवढे झाल्यावर मी भाच्याला विचारले, "तुझा तो काढून टाकलेला स्टँड कुठे आहे?"

तो उठून घरामागे गेला. कडब्याच्या गंजीपाशी जुन्या नांगराच्या फाळाशेजारी स्टँड पडलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय! स्टँडला गंज चढला होता, पण दोन्ही पाय शाबूत होते. खडखडत होता तो त्याच्या दोषाने नव्हे. ज्या पिनीवर तो फिरतो ती पिन झिजली होती आणि त्याला वर ओढून धरणारी स्प्रिंग सैल झाली होती. आम्ही तो वेल्डिंगच्या दुकानात नेला. दुकानदाराने नवी पिन बसवली, पायांचे झिजलेले तळवे लोखंड भरून सारखे केले आणि नवी स्प्रिंग दिली. दाजी बरोबर आले होते. त्यांनी वेल्डिंगचा सांधा नखाने खरवडून पाहिला, स्टँड हातात धरून पिनीपाशी हलवून पाहिला, मग दुकानदाराला म्हणाले, "पलीकडनं बी एक टाका मार." दुकानदाराने निमूटपणे मारला.

तरीही एक अडचण उरली, ती जमिनीची. मराठवाड्यातली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ओल्या मातीत स्टँडचा एक पाय दोन बोटे रुतला की संपले. फरशीवर उभी करावी तर फरशीला पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेला. शहरात हीच अडचण दुसऱ्या रूपाने असते. इमारतीच्या खालच्या पार्किंगला मोरीकडे उतार असतो, गुळगुळीत फरशीवर सांडलेल्या थेंबभर तेलाने घसरण होते, आणि वैशाखात डांबर इतके मऊ पडते की स्टँड त्यात खड्डा करतो. यावर उपाय स्वस्त आहे. पाऊण इंच जाडीच्या प्लायवूडचा, गाडीच्या स्टँडहून दोन्हीकडे वीतभर मोठा तुकडा घ्यावा आणि तो सपाट जागी ठेवून त्यावर स्टँड टेकवावा. पायाखालचा पाया म्हणजे हाच. भाच्याने तो तुकडा सुताराकडून कापून आणला आणि त्याच्या मागच्या कडेला एक पट्टी ठोकून घेतली, म्हणजे स्टँडचे पाय सरकून बाहेर जाणार नाहीत.

गाडी स्टँडवर चढवण्याची रीतही पुष्कळांना नीट ठाऊक नसते. माणसे हाताने गाडी ओढतात आणि कंबर धरून बसतात. गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहावे. डावा हात हँडलवर, उजवा हात सीटखालच्या किंवा मागच्या पकडीवर. उजव्या पायाने स्टँड खाली दाबून गाडी किंचित इकडेतिकडे हलवावी, म्हणजे स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याचे पायाला कळते. दोन्ही लागले की मग त्या दांडीवर आपले सगळे वजन द्यायचे. गाडी आपोआप मागे सरकत वर चढते. हातांनी फक्त तिला दिशा द्यायची. ही युक्ती जमली की शेलाट्या बांध्याच्या मुलीही जड गाडी सहज चढवतात. बाराव्या वर्षी मात्र कोणी हा प्रयोग करू नये, हे आमच्या धाकट्या भाचीला मी दोनदा बजावले.

गाडी वर चढल्यावरचे चार नियम मी भाच्याकडून वहीत लिहून घेतले. ते इथे देतो. पहिला, पुढच्या ब्रेकची दांडी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने मुठीला बांधून टाकावी आणि पुढच्या चाकाला दोन्हीकडून अडण लावावी, म्हणजे गाडी पुढे ढळून स्टँडवरून उतरणार नाही. दुसरा, चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. साखळी धुताना चाक फक्त हाताने फिरवायचे. इंजिन सुरू करून, गिअर टाकून, पळत्या साखळीला फडके लावण्याची जी पद्धत काही जण शिकवतात, तिने बोटे जातात. फडके साखळीत अडकते आणि बोट त्याच्याबरोबर दातेरी चक्रात जाते. त्याला क्षणही लागत नाही. तिसरा, काम चालू असताना गाडीच्या दोन्ही बाजूंना, तिच्या उंचीएवढ्या अंतरात, कोणी बसायचे नाही. चाक फिरवणाऱ्यानेही मागे उभे राहूनच फिरवायचे. चौथा दाजींचा. काम सुरू करण्याआधी गाडीला बाजूने धक्का द्यायचा. आधी हलका, मग जरा जोराचा. डगमगली तर उतरवून पुन्हा लावायची. कामाच्या मध्ये पडण्यापेक्षा ती आधीच पडलेली बरी, आणि तेव्हा आपण सावध असतो.

हा चौथा नियम मी दुकानात स्टँड घेतानाही वापरावा असे सुचवीन. शहरातल्या वाचकांनी स्टँड नुसता हातात घेऊन परत ठेवू नये. दुकानदाराला एखादी गाडी त्यावर चढवून दाखवायला सांगावे आणि सीटला हात लावून बाजूने ढकलून पाहावे. चांगल्या दुकानदाराला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडचा स्टँड घेऊ नये. आणि पैसे टाकण्याआधी घरी आपल्या गाडीखाली एकदा वाकून पाहावे. मधला स्टँड आहे का? असेल तर त्याची पिन आणि स्प्रिंग ठीक आहे का? गाडीला तो मुळातच नसेल तर कंपनीकडे सुट्या भागात मिळतो का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर दहातल्या सात जणांना नवे काही घ्यावे लागणार नाही, असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी प्लायवूडवर चढली. भाच्याने पट्ट्या बांधल्या, चावी खिशात घातली आणि तो वडिलांकडे पाहत उभा राहिला. दाजी पुढे झाले. त्यांनी सीटवर हात ठेवला आणि बाजूने ढकलले. गाडी थरथरली पण जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा, दोन्ही हातांनी ढकलले. मग ते खाली बसले, स्टँडचे दोन्ही पाय न्याहाळले आणि म्हणाले, "हं. कर आता."

ते आत जातील असे मला वाटले होते. ते गेले नाहीत. काम संपेपर्यंत, म्हणजे चांगला पाऊण तास, ते गाडीच्या पुढे हँडल धरून उभे राहिले. मध्येच मुलाने विचारले, "अण्णा, साखळी किती ढिली ठेवायची?" त्यांनी उत्तर दिले, "पुस्तकात काय दिलंय ते बघ आणि तेवढीच ठेव." लोहाऱ्याच्या मेस्त्रीचे नाव पुन्हा निघाले नाही. धाकटी उंबऱ्यात बसून दोघांवर देखरेख करत होती आणि फडकी पुरवत होती.

परवा अक्काचा फोन आला. दिवाळीच्या आधी घराघरांतून मुले आपापल्या गाड्या घेऊन भाच्याकडे येत आहेत, आणि प्रत्येकाला तो आधी एकच विचारतो, "डबल स्टँड कुठं आहे?" बहुतेकांनी काढून टाकलेला. मग ती मुले घरी जाऊन माळ्यावर, गोठ्यात, अडगळीत शोधतात. सापडलेला स्टँड बसवून आणला की दाजी धक्का देऊन तो पास करतात, आणि त्यांनी पास केल्याशिवाय अक्काच्या अंगणात पाना उघडत नाही.

वाचकांनो, या दिवाळीला फराळाच्या आधी आपल्याही अडगळीत एकदा डोकावून या. गाडीला माळ जरूर घाला. फक्त ती घालण्याआधी गाडी सरळ उभी करा आणि तिला बाजूने एकदा हलवून पाहा.